न्यूयॉर्कहून, आमच्या वार्ताहराकडून

१९८० च्या सुमारास सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र ‘प्राव्दा’ याचा खप एक कोटीच्या घरात होता. तो वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना न्यूयॉर्क कधीच दिसणार नव्हतं. देशाबाहेर पडायला सरकारचा परवाना लागे आणि तो मागितला म्हणून मिळत नसे. त्यामुळे न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस ही शहरं त्यांच्यापुरती मॉस्कोच्या मूठभर वार्ताहरांनी बांधलेली होती. ती शहरं किती काळीकुट्ट होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती रोज कशी बांधली जात, दिवसाच्या कोणत्या वेळी कोणती वीट बसे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक विटा खऱ्या होत्या.

म्हणून एक दिवस घेऊ. शुक्रवार, ३ डिसेंबर १९८२. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह जाऊन तीन आठवडे झालेत, आंद्रोपोव्ह सत्तेवर आलेत. अमेरिकेत रेगन यांचं दुसरं वर्ष संपत आलंय आणि मंदी टोकाला पोचली आहे. या दिवसातला वार्ताहर हा कुणी एक माणूस नाही. ‘इझ्वेस्तिया’चे स्तानिस्लाव्ह कोंद्राशोव्ह, ‘प्राव्दा’चे बोरिस स्त्रेलनिकोव्ह अशी माणसं ज्या पेशात वावरली, त्या पेशाच्या रीतींवरून मी तो उभा केला आहे आणि मुद्दाम त्याला नाव दिलेलं नाही. शहर, तारीख आणि आकडे मात्र खरे आहेत.

सकाळी ६

मॉस्को आठ तास पुढे आहे. तिथे दुपारचे दोन वाजलेत आणि उद्याच्या अंकाची आखणी सुरू झाली आहे.

घर हेच त्याचं कार्यालय. मॅनहॅटनमधला भाड्याचा फ्लॅट, भाडं मॉस्को भरतं. एका खोलीत टेलेक्स, टाइपरायटर, टीव्ही आणि भिंतीला लागून कात्रणांचे लिफाफे. बेकारी, घरभाडी, वंशभेद, गुन्हे, अमली पदार्थ, शस्त्रस्पर्धा असे विषय त्यांवर लिहिलेले. दारात पडलेले ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ आणि ‘डेली न्यूज’ तो आत आणतो, चहा ओततो आणि कात्री घेऊन बसतो.

तो शोधतो ती कबुली. अमेरिकी पत्रकाराने आपल्याच शहराबद्दल लिहिलेलं वाईट वाक्य त्याला हवं असतं. कारण ‘न्यूयॉर्कमध्ये माणसं रस्त्यावर झोपतात’ असं ‘प्राव्दा’ने म्हटलं तर मॉस्कोचा वाचक खांदे उडवील. तेच ‘बूर्झ्वा वृत्तपत्रांनाही आता मान्य करावं लागत आहे की...’ अशी सुरुवात करून लिहिलं की साक्षीदार शत्रूच्या घरातला होतो. सोव्हिएत वार्तापत्रांत हा वाक्प्रयोग इतका रुळलेला आहे की जुने अंक चाळताना तो पानापानावर भेटतो.

आणि साक्षीदार खोटा नसतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारली तेव्हा ‘फोर्ड शहराला म्हणतात: मरा’ या अर्थाचा मथळा ‘डेली न्यूज’नेच पहिल्या पानावर ठळक छापला होता. जुलै १९७७ मध्ये वीज गेली त्या रात्री दुकानं लुटली गेली, हजारावर आगी लागल्या, तीन हजारांहून जास्त लोकांना अटक झाली, हेही न्यूयॉर्कच्याच वर्तमानपत्रांनी जगाला सांगितलं. १९८० साली शहरात १,८१४ खून झाले, हा आकडा शहराच्या पोलिसांनी स्वतः जाहीर केला. न्यूयॉर्कविषयी मॉस्कोत छापलेली जवळजवळ प्रत्येक वाईट गोष्ट आधी न्यूयॉर्कमध्ये छापून आलेली असे.

त्याच वर्षी मॉस्कोत किती खून झाले? तो आकडा कोणत्याही वर्तमानपत्रात नव्हता, कारण गुन्ह्यांची आकडेवारी गोपनीय होती. वाचकाच्या हातात तराजूचं एकच पारडं दिलेलं होतं. मला वाटतं, या पेशाचं सगळं तंत्र इथे, सकाळच्या या कात्रीत आहे. खोटं रचायची गरज जवळजवळ पडतच नसे.

सकाळी ९

वॉशिंग्टनमध्ये श्रम खात्याने नोव्हेंबरचा आकडा जाहीर केला: बेकारी १०.८ टक्के. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतरचा सर्वांत मोठा. सुमारे १ कोटी २० लाख माणसं कामाच्या शोधात. काळ्या कामगारांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास.

आकडा पाठवणं त्याचं काम नाही. रॉकफेलर प्लाझात, असोसिएटेड प्रेसच्याच इमारतीत, ‘तास’ या सरकारी वृत्तसंस्थेची कचेरी आहे. तिथून तो काही मिनिटांत मॉस्कोला गेलेला असतो. त्याच्याकडून मॉस्कोतल्या डेस्कला हवंय ते चित्र. रांग, चेहरा, रस्ता. मॉस्कोत संध्याकाळचे पाच वाजलेत. हातात जेमतेम अडीच तास.

तो टाइपरायटरला कागद लावतो. सुरुवात कुठून करायची हे ठरलेलंच आहे. डिसेंबर महिना, फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या दुकानांच्या काचा ख्रिसमससाठी सजलेल्या, आत फरचे कोट, आणि काचेखाली फुटपाथवर एक माणूस. या दृश्याचा वंश जुना आहे. रशियन लेखक गॉर्की १९०६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि त्यांनी त्याला ‘पिवळ्या सैतानाचं शहर’ म्हटलं; तो पिवळा सैतान म्हणजे सोनं. त्यानंतर जो जो वार्ताहर इथे उतरला त्याच्या सामानात हे नाव होतंच. ‘विरोधाभासांचं शहर’ हा शब्दप्रयोग तर इतका झिजला की न्यूयॉर्कच्या नावामागे तो आडनावासारखा येऊ लागला.

पुढे आकडा. मग कारखाने: डेट्रॉइटच्या मोटारी, पिट्सबर्गचं पोलाद. मग पेंटॅगॉनचं अंदाजपत्रक, कारण डेस्कला बेकारी आणि क्षेपणास्त्रं एका परिच्छेदात आवडतात. मग १९८१ च्या ऑगस्टमधला हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप. त्यात रेगन यांनी ११ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकलं होतं. हे सगळं खरं आहे, आणि अमेरिकी कामगाराच्या बाजूने पाहिलं तर संतापजनकही आहे.

आता कागदावर काय येत नाही ते पाहा. काम गेलेल्याला साधारण २६ आठवडे बेकारभत्ता मिळतो आणि नुकत्याच सप्टेंबरमध्ये काँग्रेसने त्याला जादा आठवड्यांची जोड दिली आहे. वार्तापत्रात याचा उल्लेख आलाच तर ‘तुटपुंजा’ या विशेषणाच्या पोटात येईल. महिन्यापूर्वी, २ नोव्हेंबरला, मतदारांनी याच मंदीपायी प्रतिनिधिगृहात रेगन यांच्या पक्षाच्या २६ जागा काढून घेतल्या. ही बातमी ‘रेगन धोरणाला चपराक’ म्हणून चालते. पण कामावरून काढलेला माणूस मतपेटीतून सरकारला चपराक मारू शकतो, ही त्या बातमीतली मोठी गोष्ट आहे आणि ती मॉस्कोच्या छपाईत टिकत नाही.

शेवटचा परिच्छेद घरच्या देशाबद्दल. सोव्हिएत देशात शेवटचं रोजगार विनिमय केंद्र १९३० मध्ये मॉस्कोत बंद झालं. घरभाड्याचे दर १९२८ पासून वाढलेले नाहीत. हीदेखील दोन्ही विधानं खरी. घरासाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तोवर एका स्वयंपाकघरात चार कुटुंबं चूल मांडतात, आणि ‘प्रोपिस्का’ म्हणजे राहण्याची सरकारी नोंद नसेल तर मॉस्कोत राहताच येत नाही, हे वाचकाला वार्ताहराने सांगायची गरज नाही. तो ते जगतोच आहे.

सकाळी ११.३०

मॉस्कोचा फोन लागतो. पलीकडे लघुलेखिका.

“बोला, लिहितेय.”

तो वाचत जातो, एकसुरात, स्वल्पविरामांसकट. इंग्रजी नावं एकेक अक्षर सुटं करून सांगतो. मध्ये आवाज तुटतो, ती शेवटचे चार शब्द परत विचारते. सगळं उतरवून झालं की ती विचारते, तिकडे हवा कशी आहे. हा त्या फोनवरचा एकच प्रश्न, ज्याचं उत्तर कुणी तपासणार नाही.

तिकडे मजकूर परराष्ट्र विभागाच्या टेबलावर जातो, मग पानावर, मग ‘ग्लावलित’ या सेन्सॉर खात्याच्या माणसाकडे. तो माणूस बहुधा काही कापत नाही. कापण्यासारखं उरलेलंच नसतं. वीस वर्षं या कामात घालवलेल्या वार्ताहराला कोणतं वाक्य छापलं जाणार नाही हे ते सुचण्याआधीच कळलेलं असतं. मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत दुःखद गोष्ट हीच वाटते. चांगली, वाचलेली, भाषा येणारी माणसं होती ती. आपल्या डोळ्यांना अर्धंच बघायची सवय त्यांनी स्वतःच लावून घेतली.

पानावर मजकुराशेजारी व्यंगचित्र जाईल. बोरिस येफिमोव्ह किंवा ‘कुक्रिनिक्सी’ हे त्रिकूट यांनी घडवलेला तो ओळखीचा जाडजूड भांडवलदार: उंच टोपी, चिरूट, एका हातात बॉम्ब, दुसऱ्या हातात डॉलरची थैली. चाळीस वर्षांत त्याचे कपडे बदललेले नाहीत.

दुपारी १

संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत जेवण. इथे तो स्वतः बातमी असतो: त्याच्या टेबलावरच्या पाश्चात्त्य पत्रकारांना शंका असते की हा वार्ताहर आहे की हेर. शंका निराधार नाही. ‘नोवोये व्रेम्या’ साप्ताहिकाचा टोकियोचा वार्ताहर लेव्हचेन्को १९७९ मध्ये अमेरिकेत आश्रयाला गेला तेव्हा तो केजीबीचा मेजर निघाला. सगळे तसे नव्हते. पण सगळ्यांकडे तसं पाहिलं जाई आणि त्यामुळे शेजाऱ्याशी साधं बोलणंही अवघड होई. अमेरिकी सरकारही त्यांना मोकळं सोडत नसे. न्यूयॉर्कपासून २५ मैलांच्या पलीकडे जायचं तर आगाऊ कळवावं लागे. मॉस्कोतल्या अमेरिकी पत्रकारांवर असलेल्या बंधनांची ती परतफेड होती.

दुपारी २.३०

आजचा मजकूर गेला. आता रविवारच्या अंकासाठी सविस्तर लेख हवा, विषय बेघर माणसं.

तो भुयारी रेल्वेने खाली जातो. तिकीट ७५ सेंट. मॉस्कोच्या मेट्रोचं तिकीट १९६१ पासून ५ कोपेक आहे, ही तुलना तो वहीत टिपतो. डबा आतून-बाहेरून रंगीत स्प्रेच्या अक्षरांनी भरलेला, दिवे मिणमिणते. मॉस्कोची मेट्रो खरोखरच स्वच्छ, सुंदर आणि वक्तशीर होती. इथे त्याला काही लपवावं लागत नाही आणि तो मनापासून लिहितो.

बाउरी रस्त्याजवळ ईस्ट थर्ड स्ट्रीटवर पालिकेचा पुरुषांसाठीचा आसरा आहे. दारात गर्दी. काही माणसं दारूने संपलेली, काही मनोरुग्णालयांतून बाहेर काढलेली, काही नुसतीच काम गेलेली. हे तिघे एकाच रांगेत उभे आहेत हे १९८२ च्या न्यूयॉर्कचं भीषण वास्तव आहे. सत्तरच्या दशकात राज्याने मनोरुग्णालयं रिकामी करत आणली, बाहेर आलेल्यांची सोय केली नाही. त्याच काळात स्वस्त खोल्यांची जुनी हॉटेलं पाडून किंवा बदलून महागडी घरं झाली. दोन्हींचा भार या दरवाजावर पडला. वार्ताहर एकाला सिगारेट देतो, बोलतो, लिहून घेतो: वय, गाव, शेवटची नोकरी, किती दिवसांपासून रस्त्यावर. माणूस मोकळेपणाने बोलतो. ऐकणारा कुणी भेटलाय याचंच त्याला अप्रूप.

लेखात हा माणूस येईल. याच दरवाजाची दुसरी कथा मात्र येणार नाही, आणि ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७९ मध्ये रॉबर्ट हेज नावाच्या तरुण वकिलाने बाउरीवरच्या बेघर पुरुषांच्या वतीने न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरवर दावा लावला. पहिला वादी रॉबर्ट कॅलहन, असाच रस्त्यावर राहणारा माणूस. प्रतिवादी गव्हर्नर ह्यू केरी. म्हणून खटल्याचं नाव ‘कॅलहन विरुद्ध केरी’. गरजूंची काळजी घेणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं सांगणारं कलम न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत महामंदीच्या काळात घातलं गेलं होतं. हेजनी त्यावर बोट ठेवलं. ऑगस्ट १९८१ मध्ये पालिका आणि राज्य यांनी कोर्टासमोर करार केला: जो पुरुष आसरा मागेल त्याला रात्रीपुरती खाट द्यावीच लागेल. कॅलहन तोवर जगला नाही. खटला चालू असतानाच तो रस्त्यावर वारला.

आपला वार्ताहर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ रोज वाचतो. त्याला हा खटला माहीत नसणं शक्य नाही. कॅलहनचं मरण त्याच्या लेखात बसतं. कॅलहनचा दावा बसत नाही. कारण मरणाऱ्या गरिबाची दया येते, पण गव्हर्नरला कोर्टात खेचणारा गरीब मॉस्कोच्या वाचकाच्या मनात एक फार अडचणीचा प्रश्न उभा करतो: मला असं करता येईल का?

येणार नव्हतं. रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेत कलम २०९ होतं. भटकणं, भीक मागणं आणि ‘परोपजीवी’ म्हणून जगणं, म्हणजे नोंदलेल्या नोकरीशिवाय राहणं, हा त्याखाली तुरुंगाचा गुन्हा. १९८० च्या ऑलिंपिकआधी मॉस्कोतून असे लोक शंभर किलोमीटरपलीकडे हलवले गेले. परदेशी पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसलं. म्हणजे सोव्हिएत देशात बेघर नव्हते असं नाही. बेघर असण्याला तिथे वेगळं कायदेशीर नाव होतं आणि ते छापण्याची मनाई होती.

ईस्ट थर्ड स्ट्रीटवरून पश्चिमेला पायी निघालं तर अर्ध्या तासाच्या आत मॉर्टन स्ट्रीट येतो. तिथे ४४ क्रमांकाच्या घरात त्या दिवसांत रशियन कवी जोसेफ ब्रॉडस्की राहत होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये लेनिनग्राडच्या एका सायंदैनिकाने त्यांना ‘साहित्याभोवती घुटमळणारा आळशी’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली झोडपलं. काही महिन्यांत त्यांच्यावर परोपजीवी म्हणून खटला भरला गेला आणि पाच वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. कवी असणं हे काम धरलं गेलं नाही. १९७२ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. आपल्या या दिवसानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांना नोबेल मिळेल. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या सोव्हिएत वार्ताहरांना मॉर्टन स्ट्रीटवर कधी काही लिहिण्यासारखं सापडलं नाही.

संध्याकाळी ५.३०

परतीच्या वाटेवर लोअर ईस्ट साइडची स्वस्त दुकानं. बायकोने यादी दिली आहे: मुलीला बूट, मॉस्कोतल्या मेव्हण्याला जीन्स, सासूबाईंना औषधं. मॉस्कोच्या काळ्या बाजारात चांगल्या अमेरिकी जीन्सला जवळपास महिन्याचा पगार पडतो. पुढच्या कोपऱ्यावर भाजीचं दुकान: डिसेंबरात टोमॅटो, संत्री, द्राक्षं, आणि रांग नाही. याच्याबद्दल तो आठ वर्षं राहिला तरी एक ओळ लिहू शकणार नाही.

तसं पाहिलं तर याआधी काहींनी लिहिलं होतं. इल्फ आणि पेत्रोव्ह ही लेखकांची जोडी ‘प्राव्दा’चे वार्ताहर म्हणूनच १९३५ मध्ये आले, फोर्ड गाडी घेऊन न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियापर्यंत गेले आणि परतले. त्यांनी ‘एकमजली अमेरिका’ लिहिलं. अमेरिकी पैशाच्या पूजेवर त्यात टीका आहे, पण रस्ते, पेट्रोलपंप, दिलेला शब्द पाळणारी माणसं यांचं कौतुकही उघड आहे. १९७२ मध्ये स्त्रेलनिकोव्ह आणि ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’चे वसिली पेस्कोव्ह असाच प्रवास करून गेले. पेस्कोव्ह निसर्गाचे लेखक, त्यामुळे त्यांच्या लेखांत अस्वलं, राष्ट्रीय उद्यानं, मोटेलची खोली, वाटेत भेटलेले शेतकरी आले. वाचकांनी ते लेख हातोहात वाचले, कारण त्यात माणसं राहत होती. निक्सन-ब्रेझनेव्ह भेटीची ती वर्षं होती, हवा सैल झाली होती. १९७९ अखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा गेल्या आणि हवा पुन्हा आवळली. वार्ताहराची नजर तीच राहिली. वर कुणाचं कुणाशी पटतंय त्यावर तिला किती पाहायची मुभा हे ठरत गेलं.

रात्री ८

सोव्हिएत वसाहतीत एका सहकाऱ्याकडे जेवण. रिव्हरडेलची ही वीस मजली पांढरी इमारत ब्राँक्समध्ये आहे, टेकडीवर, झाडांत. त्याच ब्राँक्सच्या दक्षिण टोकाला शार्लट स्ट्रीट. तिथे ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर जळक्या घरांच्या ढिगाऱ्यात उभे राहिले, ऑगस्ट १९८० मध्ये प्रचारात रेगनही उभे राहिले. सोव्हिएत छायाचित्रकारांची ती हमखास जागा. तिथले फोटो पाहून लेनिनग्राडच्या म्हाताऱ्यांना वेढ्यातलं आपलं शहर आठवलं असेल तर नवल नाही.

आपल्या या दिवसाच्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, न्यूयॉर्क पालिकेने हमरस्त्यालगतच्या ओस इमारतींच्या फुटक्या खिडक्यांवर पडदे आणि फुलांच्या कुंड्या छापलेली चित्रं चिकटवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरं नांदती वाटावीत म्हणून. लाज झाकायची इच्छा दोन्ही शहरांना होती. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्या चिकटचित्रांवरून महापौरांना फैलावर घेतलं. ऑलिंपिकआधी मॉस्कोतून गेलेल्या माणसांबद्दल मॉस्कोच्या वर्तमानपत्रांत अवाक्षर नव्हतं.

रात्री ११

मॉस्कोत शनिवारची सकाळ, सात वाजलेत. अंक घराघरांतल्या टपालपेट्यांत पडलाय. रस्त्याकडेच्या काचेच्या फलकांवर पानं चिकटवली गेलीत आणि कामाला निघालेली माणसं क्षणभर थांबून वाचतायत.

ते काय वाचतात? त्या पिढीतल्या असंख्य लोकांनी आठवणींत एकच गोष्ट सांगितली आहे: ते फोटोतला मागचा भाग पाहत. बेकारांच्या रांगेतल्या माणसाचा कोट पाहत, बूट पाहत, निदर्शकाची जीन्स पाहत, मागे उभ्या मोटारी मोजत. मजकुरातल्या दुःखावरून नजर घसरून वस्तूंवर जाई. १२ जून १९८२ ला सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख माणसं जमली. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी तो मोर्चा आनंदाने छापला. वाचकाने पाहिलं ते हे की दहा लाख माणसं आपल्याच सरकारविरुद्ध फलक घेऊन उभी आहेत आणि घरी परत जातायत. त्याच जूनमध्ये मॉस्कोत काही जणांनी दोन्ही देशांत विश्वास वाढावा म्हणून स्वतंत्र शांतता गट काढला. त्यातल्या सर्गेई बातोव्रिन या चित्रकाराला ऑगस्टमध्ये मनोरुग्णालयात डांबलं गेलं. ही बातमी मॉस्कोला परदेशी रेडिओवरून कळे, तीही खरखरीतून, कारण ऑगस्ट १९८० पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या लहरी पुन्हा बुजवल्या जात होत्या.

आपल्याकडेही त्या काळी ‘सोव्हिएत देश’चे गुळगुळीत अंक मराठीत येत, आणि बऱ्याच घरांत त्यांच्या पानांची शाळेच्या वह्यांना कव्हरं चढत. आपण त्यातले हसरे कामगार पाहून पान उलटत होतो. आपल्याला दुसरी वर्तमानपत्रं होती. मॉस्कोच्या वाचकाला नव्हती, आणि म्हणून त्याने एकच उपाय शोधला: छापलेल्याच्या उलट समजायचं.

या उपायाची किंमत मोठी होती. सदासर्वकाळ अर्धं सत्य दिलं की वाचक उरलेल्या अर्ध्याचा अंदाज बांधतो आणि समोरच्या अर्ध्यावरचा विश्वासही काढून घेतो. ईस्ट थर्ड स्ट्रीटवरची रांग खरी होती. पण ‘प्राव्दा’त छापली म्हणून ती हजारोंना खोटी वाटली. सप्टेंबर १९८६ पासून चार्ल्स हायडर नावाचा अमेरिकी शास्त्रज्ञ व्हाइट हाउससमोर अण्वस्त्रांविरुद्ध २१८ दिवस उपोषणाला बसला आणि सोव्हिएत टीव्ही त्याची प्रकृती रोज सांगत राहिला. एका जिवंत माणसाचा हट्टी, प्रामाणिक निषेध कोट्यवधींच्या लेखी सरकारी कार्यक्रम होऊन बसला. ऑगस्ट १९९० मध्ये नव्या वृत्तपत्र कायद्याने सेन्सॉरशिप उठली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत मॉस्कोच्या रेल्वेस्टेशनांवर माणसं झोपू लागली, कारखाने पगार देईनासे झाले. तेव्हा रशियन लोक म्हणू लागले की समाजवादाबद्दल आपल्याला सांगितलं ते खोटं होतं, पण भांडवलशाहीबद्दल सांगितलं ते खरं निघालं. हे वाक्य मी पुष्कळदा हसत सांगितलेलं ऐकलंय. मला त्यात हसू येत नाही. सत्तर वर्षं इशारा छापला जात होता आणि छापणाऱ्यानेच तो निकामी करून ठेवला होता.

बाउरीवरच्या माणसाचंही नुकसान झालं. त्याने सिगारेट घेतली, आपलं आयुष्य सांगितलं. दूरच्या कोट्यवधी वाचकांसमोर तो पुरावा म्हणून उभा राहिला, माणूस म्हणून नाही. त्याला वकील होता, दावा होता, कोर्टात मिळवलेला हक्क होता. ते सगळं त्याच्याकडून काढून घेऊन मग त्याची दया करण्यात आली. मी या पेशाला दोष देतो तो या एका गोष्टीसाठी, आणि तो फक्त कम्युनिस्ट वर्तमानपत्रांपुरता मर्यादित आहे असं मला वाटत नाही.

कलम २०९ रशियाने डिसेंबर १९९१ मध्ये रद्द केलं. ‘कॅलहन विरुद्ध केरी’ करारावर न्यूयॉर्कच्या महापौरांनी वेळोवेळी हरकती घेतल्या, त्यात फेरफारही झाले; तो अजून लागू आहे.